ऑटो-क्लीन चिमणी असली तरी तिचा पाइप कोणीतरी पाहायलाच हवा

ताई, तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. मनीषनगरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. चार वर्षांपूर्वी फिल्टरलेस, म्हणजे जाळी नसलेली, ऑटो-क्लीन चिमणी घेतली. दुकानदार म्हणाला, हिला उघडायची गरज नाही, बटण दाबलं की स्वतःच साफ होते. आता दोन महिन्यांपासून फोडणी घातली की धूर हॉलपर्यंत येतो आणि सासूबाईंना ठसका लागतो. एक मेकॅनिक मोटर बदला म्हणून सांगून गेला, दुसरा वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट घ्या म्हणतो. आणि तुम्हाला जाणून घ्यायचंय की चिमणीची दरवर्षी तपासणी खरंच लागते, की हा सर्व्हिसवाल्यांनी उभा केलेला धंदा आहे.

मी नागपुरात २२ वर्षं हेच काम करतोय. सुरुवात मोटर रिवाइंडिंगनं झाली, मग एक्झॉस्ट फॅन, मग चिमण्या आणि गॅस गीझर. माझं पोट या कामावर आहे, त्यामुळे तपासणी लागते असं मी म्हटलं की तुमच्या मनात शंका येणारच, आणि ती रास्त आहे. म्हणून नुसता सल्ला न देता कारणं सांगतो. त्यातली बरीचशी तुम्ही घरीच पडताळून पाहू शकता.

मोटर बदलायची की नाही, कॉन्ट्रॅक्ट घ्यायचं की नाही, हे नंतरचं. आधी हे सांगा, तुमच्या ओट्यावरून निघालेला धूर भिंतीबाहेर पडेपर्यंत ज्या वाटेनं जातो, ती वाट या चार वर्षांत कोणी डोळ्यांनी पाहिली आहे का? तुम्ही जे लिहिलंय त्यावरून वाटतं, कोणीच नाही.

ऑटो-क्लीनमध्ये होतं काय? ब्लोअरच्या, म्हणजे हवा ओढणाऱ्या पंख्याच्या, घराला लागून एक हीटर असतो. बटण दाबलं की तो काही मिनिटं तापतो, ब्लोअरला चिकटलेलं तेल पातळ होतं आणि खालच्या तेलाच्या वाटीत उतरतं. काही मॉडेलमध्ये पाण्याचा फवाराही असतो. ही सोय चांगली आहे, तिच्यामुळे ब्लोअर लवकर जाम होत नाही. पण हे सगळं घडतं ते पेटीच्या आत. पेटीच्या डोक्यावर जी गोल तोटी आहे तिथून पुढं पाइप सुरू होतो, आणि पाइपात हीटर नसतो, वाटीही नसते. ब्लोअरनं कितीही तेल वेगळं केलं तरी थोडी तेलकट वाफ पुढं जातेच. पाइपात ती थंड होते आणि आतल्या भिंतीला बसते. घरातल्या जुन्या कढईच्या बाहेरून जो काळा, टणक थर चढतो ना, तसंच पाइपात होतं. तेल उष्णतेनं आणि हवेनं हळूहळू घट्ट होतं, आधी मधासारखं, मग डिंकासारखं, शेवटी वाळलेल्या रंगासारखं. कढईचा थर निदान डोळ्यांसमोर असतो.

आता मोटरबद्दल. मोटर बदलायला होकार देण्याआधी त्या मेकॅनिकला एक काम करायला सांगा. प्लग काढून पेटीच्या तोटीवरचा क्लॅम्प सैल करायचा, पाइप बाजूला करायचा आणि मग प्लग परत लावून चिमणी फुल स्पीडवर चालवायची. खाली उदबत्ती धरायची. साध्या फिल्टरच्या चिमणीला वर्तमानपत्राचा कागद लावून पाहता येतं, पण तुमची फिल्टरलेस आहे, कागद आत ओढला जाऊन ब्लोअरमध्ये अडकेल, म्हणून उदबत्तीच बरी. पाइप सुटल्यावर धूर झपकन वर ओढला गेला, तर मोटर ठणठणीत आहे आणि दोष पाइपात किंवा बाहेरच्या तोंडाशी आहे. पाइप सोडूनही ओढ नसेल, तर दोष पेटीत. तरी लगेच मोटरवर जायचं नाही. साध्या मोटरला कंडेन्सर (कपॅसिटर) असतो. तो कमजोर झाला की मोटर घुमते पण वेग धरत नाही, आणि तो भाग मोटरच्या मानानं फार स्वस्त असतो. तुमची बीएलडीसी (ब्रश नसलेली, इलेक्ट्रॉनिक) मोटर असेल तर हे लागू नाही, तिथं कार्ड, म्हणजे तिचं सर्किट, तपासावं लागतं. माझ्याकडे "मोटर गेली" म्हणून येणाऱ्या तक्रारींत खूपदा मोटर चांगली आणि पाइप बंद, असंच निघतं.

पाइप बंद होण्याची कारणंही पाहा, सगळा दोष तेलाचा नसतो. पहिलं कारण भोक. चिमणीची तोटी बहुधा सहा इंची असते आणि बिल्डरनं भिंतीत ठेवलेलं भोक चार इंची. मग बसवणारा रिड्यूसर, म्हणजे मोठ्याचं लहान करणारा जोड, लावून मोकळा होतो. सहाचं चार झालं की वाटेचं क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी होतं. खोक्यावर ताशी १२०० घनमीटर लिहिलेलं असतं, ते एवढ्या अरुंद तोंडातून कसं जाणार? दुसरं कारण वळणं. फ्लेक्सिबल पाइप लांब ठेवून कपाटावर गुंडाळी करून कोंबलेला मी कितीतरी घरांत पाहिलाय. प्रत्येक वळणावर हवा मंदावते आणि तिथंच तेल बसतं. त्यातही पाइप मध्ये झोळीसारखा लोंबत असेल तर त्या झोळीत तेलाचं डबकं साचतं. तिसरं कारण पक्षी. बाहेरच्या तोंडावरचं झाकण, म्हणजे काउल कव्हर, आणि त्याची झडप नीट नसेल, तर साळुंक्या आणि चिमण्या आत घरटी करतात. मार्च ते जून या दिवसांत मी पाइपांतून गवत, सुतळी, पिसं, प्लॅस्टिकच्या चिंध्या अशी ओंजळभर सामग्री काढतो. वाळलेलं गवत आणि तेलाचा थर एकाच नळीत, खाली गॅसची ज्योत. पिल्लं असतील तर मी काम थांबवतो, ती उडून जाईपर्यंत त्या घरी चिमणी बंद ठेवायला सांगतो आणि नंतर जाळी लावून देतो. जाळी मोठ्या भोकांची हवी. डासांची बारीक जाळी लावली तर ती महिन्या-दोन महिन्यांत तेलानं बुजते.

मी पाइपाचा एवढा आग्रह का धरतो, तेही सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी नागपूरच्या महाल भागातल्या एका घरी दिवाळीच्या तोंडावर चिमणी साफ करायला गेलो होतो. पेटी उघडली, ब्लोअर धुतला, जाळ्या चकाचक करून दिल्या. पाइप माळ्यावरून, पीओपीच्या वरून मागच्या भिंतीपर्यंत जात होता. काकू म्हणाल्या, माळा गच्च भरलाय, सामान उतरवायला आज कोणी नाही, पाइप पुढच्या खेपेला पाहू. मी बरं म्हटलं. मला पुढच्या घरी जायचं होतं. आठ दिवसांनी त्या चकल्या तळत असताना दारावर कोणी आलं, त्या बाहेर गेल्या, कढई गॅसवर राहिली. तेल पेटलं. चिमणी फुल स्पीडवर होती, तिनं ज्वाळा वर ओढली. मी धुतलेल्या पेटीत जळण्यासारखं काही नव्हतं, ज्वाळा तिच्यातून सरळ पाइपात गेली आणि तिथला कित्येक वर्षांचा थर पेटला. पातळ ॲल्युमिनियमचा पाइप दोन ठिकाणी फाटला, वर जुन्या गाद्या आणि रद्दी होती. शेजाऱ्यांनी मेन स्विच बंद केला, अग्निशमन दलाची गाडी आली, सगळे सुखरूप बाहेर पडले. काकूंचा हात भाजला. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला एक शब्दानंही दोष दिला नाही. पण तो पाइप पाहायचं काम माझं होतं आणि मी तो पाहिला नव्हता. तेव्हापासून पाइपाची दोन्ही टोकं पाहिल्याशिवाय मी "झालं" म्हणत नाही. माळा रिकामा नसेल तर पैसे न घेता परत येतो आणि दुसरा दिवस ठरवतो.

म्हणून मी सफाई आणि तपासणी हे दोन शब्द वेगळे वापरतो. सफाई तुम्ही घरी करू शकता. तेलाची वाटी दर आठवड्याला रिकामी करा. ज्यांच्याकडे बॅफल फिल्टर (स्टीलच्या वळणदार पट्ट्यांचे) आहेत त्यांनी ते पंधरा दिवसांनी, फार तर महिन्यानं, कडक पाण्यात भांड्यांचा साबण घालून धुवावेत. जुन्या पद्धतीची जाळी असेल तर आणखी लवकर, कारण तिच्यात तेल अडकून राहतं आणि ते बरोबर ज्योतीच्या वर असतं. ज्यांची चिमणी पाइपाविनाची आहे, त्यांचा कोळशाचा फिल्टर धुऊन उपयोग नाही, तो काही महिन्यांनी बदलावाच लागतो. आणि तशी चिमणी वास व तेल थोडंफार अडवते, जळण्यातून निघालेले वायू घराबाहेर टाकत नाही, हे लक्षात ठेवून खिडकी उघडी ठेवावी.

तपासणी म्हणजे पेटी उतरवून किंवा उघडून सगळी वाट पाहणं. त्यात मी पाइपाच्या आत टॉर्च मारतो, वळणाशी बोट फिरवून थर किती आहे ते पाहतो. पाइपाचा उतार बाहेरच्या बाजूला आहे का ते पाहतो. तो आत झुकलेला असेल तर आपल्या पावसाळ्यात पाणी पाइपातून थेट मोटरवर येतं. मग विजेकडे वळतो. चिमणीचा प्लग कपाटामागे एखाद्या एक्स्टेन्शन बोर्डात खोचलेला असतो, अर्थिंग असतंच असं नाही, उंदरांनी वायर कुरतडलेली असते. ऑटो-क्लीनचा हीटर असलेल्या चिमणीला तर पक्कं अर्थिंग हवंच, कारण तिथं तेल, पाणी आणि वीज एकाच पेटीत आहेत. घरात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा, पडायला हवं. शेवटी उंची. बहुतेक चिमण्या शेगडीच्या वर २६ ते ३० इंचांवर बसवायला सांगतात, नेमका आकडा तुमच्या पुस्तिकेत असेल. पुष्कळ ठिकाणी आधी चिमणी बसते आणि मग कोणीतरी उंच काचेची शेगडी आणतं, अंतर तीन-चार इंचांनी कमी होतं, ते पुन्हा मोजायचं कोणाला सुचत नाही.

फ्लॅटवाल्यांनी आणखी एक ठिकाण बघायला हवं, इमारतीची डक्ट, म्हणजे खालपासून वरपर्यंत जाणारी उभी पोकळी. तुमचा पाइप कुठं उघडतो, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर उघडत असेल तर चांगलं. पण आपल्याकडे अनेक सोसायट्यांत सगळ्या मजल्यांच्या चिमण्यांची तोंडं त्या बंदिस्त डक्टमध्ये सोडलेली असतात, जिथून ड्रेनेजचे पीव्हीसी पाइप आणि केबल खाली जातात आणि जिथं संडास-बाथरूमच्या खिडक्या उघडतात. सगळ्या मजल्यांचं तेल वर्षानुवर्षं त्याच भिंतींवर आणि त्याच पाइपांवर बसतं. एका मजल्यावर आग लागली तर ती डक्ट म्हणजे सरळ वर जाणारं धुराडंच. हे एकट्या घराचं काम नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडा, डक्ट खालून वर धुऊन घ्या आणि तिथं कोणी रद्दी किंवा जुने दरवाजे रचून ठेवले असतील तर ते हलवा.

आता मी ज्या गोष्टीकडे येतोय ती तुम्ही विचारलेली नाही, पण माझ्या मते आगीइतकीच गंभीर आहे. चिमणी घरातली हवा बाहेर फेकते. तेवढी हवा कुठून तरी आत यायलाच हवी. उन्हाळ्यात आपल्या नागपुरात प्रश्न येत नाही, खिडकीतला कूलर धो धो हवा आत ढकलत असतो, चिमणी मस्त ओढते. फक्त कूलरचा झोत शेगडीवर येऊ देऊ नका, ज्योत वाकडी होते आणि धूर चिमणीच्या बाजूनं निसटतो. खरी अडचण हिवाळ्यात. २०१८ च्या डिसेंबरअखेर आपल्याकडे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, ती थंडी आठवत असेल. अशा दिवसांत आपण सगळी दारंखिडक्या लावून घेतो. मग चिमणीला हवा मिळत नाही, ती धडधडते पण धूर ओढत नाही. तुमची तक्रार दोन महिन्यांची आहे, म्हणजे खिडक्या बंद व्हायला लागल्या तेव्हापासूनची असू शकते. चिमणी चालू असताना समोरची खिडकी चार बोटं उघडा आणि फरक पडतो का पाहा. पडला, तर निम्मं निदान झालं.

ती निम्मी गोष्ट धूर न ओढण्याची. दुसरी गोष्ट अशी, की बंद घरात चिमणी जिथून मिळेल तिथून हवा ओढते, आणि तुमच्याकडे गॅस गीझर असेल तर त्याच्या बाजूनंही. गीझरचा जळका वायू बाहेर जायचा तो उलटा घरात येतो. शेजाऱ्याचा गीझर त्याच डक्टमध्ये सोडलेला असेल तर त्याचाही वायू तुमच्या बाथरूमच्या खिडकीतून आत येऊ शकतो. या वायूत कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे माणूस श्वास घेत असतो आणि तरी शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, हातपाय लुळे पडतात, आणि बाथरूममध्ये आतून कडी लावलेला माणूस कडी काढू शकत नाही. थंडीच्या दिवसांत गीझरच्या अशा बातम्या आपण वाचतो तेव्हा "गॅस लीक झाला" असं म्हणतो, पण सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम उग्र वास घातलेला असतो, तो कळतो. हा कळत नाही.

म्हणून तपासणीला जातो तेव्हा मी घराच्या खिडक्या बंद करून, चिमणी फुल स्पीडवर ठेवून, बाथरूमच्या दाराशी उदबत्ती धरतो. धूर बाथरूमकडून स्वयंपाकघराकडे वाहायला लागला, तर त्या घरात गीझर आणि चिमणी एका वेळी चालवायची नाही, खिडकी उघडी असल्याशिवाय मुळीच नाही. गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर तो बाहेर मोकळ्या हवेत हलवा, एवढं मी हात जोडून सांगतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, गॅस गीझर असलेल्या घरी तो बसवलेला बरा. उदबत्तीची ही चाचणी तुम्हीही करू शकता, फक्त त्या वेळी शेगडी आणि गीझर दोन्ही बंद हवेत आणि घरात गॅसचा जरासाही वास नको.

गॅसचा वास यावरून आठवलं. पुष्कळ जण वास आला की चिमणी चालू करतात, गॅस ओढून घेईल म्हणून. कृपा करून असं करू नका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत साचतो, वरच्या चिमणीला तो फारसा सापडत नाही. उलट बटण दाबताना उडालेली ठिणगी पुरेशी होते. कोणतंही बटण चालू किंवा बंद न करता रेग्युलेटर बंद करा, दारंखिडक्या उघडा, सगळे बाहेर पडा आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन लावा.

आता किती दिवसांनी तपासायचं, याचं उत्तर घराघरावर अवलंबून आहे. धरमपेठेत माझं एक जुनं गिऱ्हाईक आहे, दोघंच म्हातारी माणसं, वरण-भात, पोळी, एखादी भाजी. त्यांचा पाइप सरळ, तीन फुटांचा. तिथं वर्षातून एकदा पाहतो आणि बहुतेक वेळा पुसण्यापलीकडे काही करावं लागत नाही. सक्करदऱ्यात एक ताई डबे करतात. रोज पंधरा-वीस डबे, त्यात आठवड्यातून दोन-तीनदा सावजी रस्सा, वर तर्री दिसलीच पाहिजे, म्हणजे तेल किती ते तुम्हाला सांगायला नको. त्यांच्या घरी चार महिन्यांतच वळणावर बोटाच्या पेराएवढा थर सापडला. तिथं मी दर तीन महिन्यांनी जातो. हॉटेलच्या स्वयंपाकघरांसाठी अमेरिकेत जे अग्निसुरक्षा मानक आहे, त्यातही हाच विचार आहे, तेलकट काम जितकं जास्त तितकी तपासणी लवकर. दर वर्षी एकदा हा नियम मूळचा तिकडच्या लाकूड जाळणाऱ्या फायरप्लेसच्या धुराड्यांसाठी सांगितला जातो. आपल्या घरातली चिमणी वेगळी, थर काजळीचा नसून तेलाचा, पण तुमच्या-माझ्यासारख्या कुटुंबाला वर्षातून एकदा हा हिशेब बरोबर बसतो. आठवड्यातून दोन-तीनदा तळण किंवा नॉनव्हेज होत असेल तर वर्षातून दोनदा.

वेळ निवडायची तर पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या फराळाआधी. पावसात पाणी शिरलं असेल तर ते तेव्हा कळतं, आणि वर्षातलं सगळ्यात जास्त तळण त्यानंतरच्या पंधरा दिवसांत होतं. दुसरी खेप करायची तर मे-जूनमध्ये. तेव्हा आपल्या ४५ अंशांच्या उन्हात पाइपातलं तेल पातळ होऊन सांध्यांतून ठिबकायला लागतं, गळती कुठं आहे ते आपोआप दिसतं. थंडीत तेच तेल गोठतं, वाटीत उतरत नाही, म्हणून हिवाळ्यात ऑटो-क्लीन नेहमीपेक्षा लवकर लावत जा.

गावाकडे शेतावरच्या घरी चूल आणि विटांचं धुराडं असेल, रोडगे-पानगे आणि हुरड्याच्या दिवसांत ते वापरात येत असेल, तर त्याचीही आतून पाहणी हवी. लाकडाच्या धुराचा डांबरासारखा थर आत बसतो आणि तो पेटला तर फार तापून जळतो. विटांच्या फटींतून आंच छपराच्या लाकडाला लागते. पेटवण्याआधी टॉर्च मारून वरचं आकाश दिसतं का, एवढं तरी पाहा.

कॉन्ट्रॅक्टचं विचारलंत. घ्यावं की नाही, हे त्यात काय लिहिलंय त्यावर आहे. मोटर आणि कार्डचा खर्च त्यात धरला असेल आणि वॉरंटी संपलेली असेल, तर विचार करण्यासारखं असतं. पण "दोन फ्री सर्व्हिस" म्हणजे बाहेरून पुसणं आणि वाटी धुणं असेल, तर ते तुम्ही घरीच करता. विचारायचं एवढंच, पाइप काढून पाहणार का, आणि बाहेरच्या तोंडाचा फोटो दाखवणार का. हो म्हणाला तर पुढं बोला. आणखी एक, काही जण कॉस्टिक सोडा टाकलेल्या गरम पाण्यात सगळे भाग बुडवतात. तेल झटक्यात सुटतं, तुम्हालाही समाधान वाटतं. पण कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो. जाळी काळी पडते, पातळ होते, ब्लोअर ॲल्युमिनियमचा असेल तर त्याचा तोल जातो आणि मग चिमणी थरथरते. ॲल्युमिनियमच्या भागांना कॉस्टिक लावू देऊ नका. हा सोडा हाताची कातडी आणि डोळेही जाळतो, तो ओट्यावर कोणी उघडा ठेवत असेल तर लहान मुलांना लांब ठेवा.

कढईतलं तेल पेटलंच तर काय, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं, सासूबाईंनाही आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही. पहिल्यांदा गॅस बंद आणि चिमणी बंद. चिमणी चालू राहिली तर ती ज्वाळा पाइपात ओढते, महालात तेच झालं. ज्वाळेवरून हात नेऊन बटण दाबायला जाऊ नका, मेन स्विच पाडा. कढईवर मोठं झाकण किंवा परात बाजूनं सरकवत ठेवा आणि ती गार होईपर्यंत उचलू नका. कढई उचलून सिंककडे पळायचं नाही. पाणी तर अजिबात नाही, एक लिटर पाण्याची सोळाशे ते सतराशे लिटर वाफ होते, ती पेटतं तेल छतापर्यंत उडवते. आग पेटीच्या वर गेलेली दिसली की विझवण्याच्या फंदात न पडता सगळ्यांना बाहेर काढा, स्वयंपाकघराचं दार ओढून घ्या आणि १०१ लावा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर या रविवारी एवढं करा. यजमानांना बाल्कनीत किंवा गच्चीवर अशा जागी उभं करा जिथून पाइपाचं बाहेरचं तोंड दिसतं. तुम्ही आतून चिमणी फुल स्पीडवर लावा. बाहेरची झडप पूर्ण उघडली पाहिजे. ती अर्धवट उघडत असेल, हलतच नसेल, किंवा कडेनं काळं तेल ओघळलेलं असेल, तर फोटो काढून ठेवा. मग खिडकी उघडून तेच पुन्हा करून पाहा आणि झडपेत फरक पडतो का ते बघा. त्यानंतर मेकॅनिकला बोलावा आणि मोटरचं नाव काढायच्या आधी तो फोटो त्याच्यासमोर धरा. तो पाइप सोडायला तयार नसेल तर दुसरा माणूस पाहा. पाइप बदलायची वेळ आली, तर फ्लेक्सिबलऐवजी पत्र्याचा कडक पाइप घ्या, सहा इंचीच, एका वळणापेक्षा जास्त नको, आणि भिंतीतलं भोक मोठं करून घ्या. मशीननं भिंतीत गोल भोक पाडणारा कोअर कटिंगवाला अर्ध्या तासात करून देतो, पण बीम किंवा कॉलम मध्ये येत नाही ना, हे आधी सोसायटीच्या इंजिनिअरला विचारा. आणि तो मेकॅनिक येऊन जाईपर्यंत तळण करायचं झालं तर खिडकी उघडी ठेवून, चिमणी बंद ठेवूनच करा, आणि सासूबाईंना तेवढा वेळ बाहेरच्या खोलीत बसवा.